भरल्या काट्यावर शून्य

मांजरथडीच्या धान्याच्या मोंढ्यात सकाळी साडेसातला हमाल आत येताना आधी रामराम घालत नसत, मनगट पुढे करत. फाटकाच्या खांबावर काचेचा एक डोळा बसवलेला होता. त्याच्यासमोर मनगटावरचा पट्टा धरला की पट्ट्यावर आकडा उमटे, हिरवा नाहीतर लाल. हिरवा असेल तर लोखंडी दांडा वर जाई. मग रामराम. लाल निघालेल्या माणसाला रामराम घालण्यात कुणी वेळ दवडत नसे.

मन्मथअप्पा बिडवे फाटकापासून वीस पावलांवर, आपल्या वजनकाट्याशी उभे राहून रोज ही रांग न्याहाळत. अप्पा मापाडी. तीस वर्षं तूर, हरभरा, सोयाबीन यांचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, मोजण्यात गेली. कुठला आडत्या काट्याला हळूच पायाचा अंगठा टेकवतो, कुणाच्या कट्ट्याच्या तळाशी ओला माल असतो आणि कुठला हमाल ‘हात सटकला’ म्हणत नेमका वैऱ्याच्याच पायावर कट्टा सोडतो, हे सगळं त्यांना ठाऊक. बोलत मात्र नसत. मापाड्यानं तोंडातून काढायचं ते फक्त वजन, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत फार सोयीचंही होतं.

हे पट्टे मोंढ्यात आले ते एका प्रेतामुळं. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सुगीत, ट्रकला आधी कुणी लागायचं यावरून हमालांच्या दोन टोळ्या भिडल्या. हमालाकडं कट्टा ओढायचा वाकडा लोखंडी हूक असतो. त्या दिवशी हूक कट्ट्यांना लागले नाहीत. मल्हारी वाघमोडे नावाच्या चोवीस वर्षांच्या हमालाच्या मानेत एक हूक शिरला आणि तो अप्पांच्या खोलीच्या दारात तडफडून मेला. उंबऱ्याजवळ सांडलेलं सोयाबीन लाल झालं. ते कुणी भरेना, तेव्हा मल्हारीच्या थोरल्या भावानं, सोपाननं, खाली बसून ओंजळीनं भरलं आणि नदीला नेऊन सोडलं. त्यानंतर सोपान कुणावर आवाज चढवताना दिसला नाही. लोक म्हणत, भावाबरोबर याचा रागही गेला.

मोंढा अकरा दिवस बंद राहिला. मग वर्षभर बैठका झाल्या आणि त्यानंतरच्या जानेवारीत बाजार समितीनं पुण्याहून ताव-पट्टे मागवले. नाडी, घाम, स्नायूंचा ताण हे सगळं मोजून पट्टा माणसाचा ‘ताव’ एका आकड्यात सांगे. बरोबर मृण्मयी दाभाडे नावाची एक अभियंता आली. तिनं समितीच्या सभागृहात पडद्यावर एक घंटेच्या आकाराची रेघ दाखवली. सदस्य चहा पीत होते, मागच्या बाकांवर काही हमाल बसले होते. ऐकत होते ते एकटे अप्पा.

“काका, चारशे बारा हमालांचा सरासरी ताव आला चाळीस,” ती म्हणाली. “आणि प्रमाण विचलन दहा. म्हणजे शंभरातले अडुसष्ट जण तीस ते पन्नासच्या आत.”

“बाई, हे आम्हाला शिकवायलाव होय?” अप्पा म्हणाले. “पन्नास किलोचे हजार कट्टे मोजा. बहुतेक पन्नासच्या अल्याडपल्याड, तीनशे ग्रॅम इकडं नाहीतर तिकडं. सहाशेनं चुकणारे शंभरात चार-पाच. किलोभर चुकला तर मी कट्टा उसवतोच. कारण तो चुकलेला नसतो, कुणीतरी चुकवलेला असतो.”

मृण्मयीनं हातातला रिमोट टेबलावर ठेवला. “हाच तर झेड, काका! आकड्यातून सरासरी वजा करायची आणि उरेल त्याला विचलनानं भागायचं. आता हे इलाही शेख. यांचा ताव त्रेसष्ट. त्यातून चाळीस गेले, राहिले तेवीस. भागिले दहा. झेड आला दोन पूर्णांक तीन. इतका तापट माणूस शंभरात एखादाच.”

“इलाहीच्या भावांना भेटला नाहीत तुम्ही.”

मागच्या बाकावरून इलाही ओरडला, “अप्पा, खानदानावर जाऊ नका!” सगळे हसले. तेव्हा मोंढ्यात हसत असत.

नियम साधा होता. झेड दोनच्या वर गेला की पट्टा लाल आणि माणूस पंधरा दिवस बाहेर. घंटेच्या हिशेबानं चारशे बारातले नऊ-दहा. उणे दोनच्या खाली गेला तरी लाल, कारण इतका थंड माणूस एकतर प्यालेला, नाहीतर आजारी, नाहीतर पट्टा भलत्याच्याच हातात. फाटकावर चार पहारेकरी नेमले. त्यांना विजेच्या काठ्या दिल्या. पण पहारेकरीही माणसंच, वैर काढतील, म्हणून समितीनं शहाणपणा केला. काठीत वीज यायची ती फक्त लाल पट्ट्यावर रोखली तर. हिरव्या माणसासमोर ती काठी म्हणजे निव्वळ दांडकं.

पहिले चार महिने मोंढा शांत चालला. मग मे आला. पारा त्रेचाळीसवर गेला. घाम वाढला, नाडी वाढली आणि कुणालाही राग आलेला नसताना सगळ्यांचे आकडे पंधरानं चढले. एका सकाळी फाटकावर दीडशे माणसं लाल निघाली. ट्रकांची रांग नदीच्या पुलापर्यंत गेली. समितीच्या बैठकीत अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला.

“माझा काटासुद्धा उन्हानं सरकतो,” ते म्हणाले. “म्हणून मी रोज सकाळी तो शून्यावर आणतो. तुमचं यंत्र अजून जानेवारीच्या चाळिसावरच मोजायलंय. त्याला शून्यावर आणा की.”

मृण्मयीनं दोन दिवसांत तसं केलं. आता दर पंधरा मिनिटांनी यंत्र मोंढ्यातल्या आणि फाटकाजवळच्या सगळ्या पट्ट्यांचे आकडे घेऊन नवी सरासरी आणि नवं विचलन काढी. दुसऱ्या दिवशी फाटक हिरवंगार. समितीनं अप्पांना शाल आणि नारळ दिला. नारळ सडका निघाला, पण ते घरी गेल्यावर कळलं, आणि तोवर फोटो छापून आला होता.

बाहेर काढलेले नऊ जण रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसू लागले. ते गेल्यामुळं आत उरलेल्यांची सरासरी थोडी उतरली आणि घंटा जरा अरुंद झाली. पावसानं ऊन उतरलं तेव्हा, जूनमध्ये, सरासरी एकोणचाळीस, विचलन नऊ. म्हणजे लाल व्हायला आता साठ लागत नसत, सत्तावन्न पुरत. त्या हद्दीवरचे गेले. घंटा आणखी अरुंद झाली. ऑगस्टमध्ये हद्द बावन्नवर आली, दसऱ्याला सत्तेचाळीसवर. पंधरा दिवसांनी परत येणाऱ्याची हद्द तो बाहेर असतानाच खाली सरकलेली असे. इलाही चारदा आला आणि चारदा परत गेला. चौथ्यांदा त्याचा ताव एकावन्न होता. इतका थंड इलाही त्याच्या आईनंही पाहिला नसेल.

“अप्पा, पैल्या दिवशी साठवालाबी आत होता,” फाटकाच्या पलीकडून तो म्हणाला. “आता मी एकावन्नला बाहेर. मी बिघडलो का तुमचं यंत्र?”

अप्पा वजन सांगत राहिले. “पन्नास, दोनशे. पुढचा.”

आत उरलेले साडेतीनशे लोक विचित्र वागू लागले. पूर्वी एक शिवी घातल्याशिवाय ज्यांच्याच्यानं कट्टा पाठीवर जात नसे, ते ‘जरा हात लावता का’ म्हणू लागले. कुणी जोरानं हसेना, कारण हसण्यानंही नाडी वाढते. घरी भांडण झालं असेल तर माणूस फाटकाआधी कोपऱ्यावर उभा राहून, डोळे मिटून, शंभरपर्यंत आकडे मोजी. रस्त्यापलीकडं टपरीवर मात्र साठ-पासष्ट जण दिवसभर एकमेकांच्या रागावर राग शेकत बसलेले. यंत्राला ते दिसत नव्हते. त्यांचे पट्टे फाटकापासून लांब होते.

दिवाळीआधीच्या सोमवारी अप्पांच्या हातून चूक झाली. काट्यावर कट्टा असतानाच त्यांचं बोट शून्याच्या बटणावर पडलं. पडद्यावर ०.० उमटलं. पुढचा चांगला भरलेला कट्टा ठेवला, तर वजन आलं दोनशे ग्रॅम.

समोरचा आडत्या फिदीफिदी हसला. “मापाडी, म्हातारे झालाव.”

अप्पा हसले नाहीत. मापाड्याच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. शून्य करायचं ते रिकाम्या काट्यावर. भरल्या काट्यावर शून्य केलं की काटा त्या ओझ्यालाच काही नाही समजतो. अप्पा त्या ०.० कडं बघत राहिले. त्यांनी खोलीत जाऊन मृण्मयीला फोन लावला.

“बाई, माझा काटा मी रिकामा असताना शून्य करतो. आपण माणसं आत ठेवून शून्य केलं. आत जे काही असेल तेच त्याला बरोबर वाटतं. उद्या आतले सगळे मढ्यासारखे झाले, तर श्वास घेणारा लाल होईल.”

“आणि उलटंही, काका,” ती पलीकडून म्हणाली. “सगळे एकदम पेटले तर कुणीच लाल होणार नाही. कट्टे एकमेकांचं वजन घेत नाहीत. माणसं एकमेकांचा ताव घेतात. हे मी धरलंच नव्हतं.”

“मग बदला की आजच.”

“समितीच्या ठरावाशिवाय मला हात लावता येत नाही. गुरुवारी बैठक आहे. मी येते.”

गुरुवार यायला मध्ये बुधवार होता.

बुधवारी सकाळी नऊ-वीसला व्यंकट भोसगे नावाचा एक हमाल दवाखान्यातून थेट मोंढ्यावर आला. त्याला मुलगी झाली होती. हातात पेढ्यांचा पुडा आणि पायांत नुसती धावाधाव. फाटकावर त्यानं मनगट धरलं. ताव अठ्ठावन्न, पट्टा लाल.

“अरे, पोरगी झालीय!” तो हसत म्हणाला आणि पहारेकऱ्याच्या तोंडाशी पेढा नेत दांड्याखालून वाकून आत शिरला.

यंत्राला आनंद आणि राग यांतला फरक कळत नव्हता आणि पहारेकऱ्याला तो समजून घ्यायचा हुकूम नव्हता. त्यानं काठी लावली. व्यंकट ताठ झाला आणि सरळ मागं कोसळला. फाटकाच्या दांड्याला तोलासाठी लोखंडी ठोकळा होता. त्याच्या कडेवर डोकं आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज वीस पावलांवर अप्पांनाही ऐकू आला. पेढे मातीत घरंगळले.

टपरीवरची पासष्ट माणसं उठली.

पुढं इलाही होता. त्यानं फाटकावरून उडी टाकून त्या पहारेकऱ्याच्या खांद्यात हूक रुतवला आणि कट्टा ओढावा तसा त्याला जमिनीवरून ओढत नेला. पहारेकरी किंचाळत होता. बाकीचे तिघे काठ्या फिरवू लागले. लाल पट्टे पटापट पडत होते, पडलेल्यांवरून मागचे येत होते. आतली साडेतीनशे माणसं आधी थिजून उभी राहिली. सहा महिने गिळलेलं सगळं त्यांच्या घशाशी आलं असावं. कुणीतरी पहिली शिवी दिली. ती इतक्या दिवसांनी ऐकू आली की क्षणभर सगळे थबकले, आणि मग जो तो ज्याला त्याला मारू लागला. हमालांनी पहारेकऱ्यांना धरलं, आडत्यांना धरलं, मग जुन्या टोळ्या आठवल्या आणि एकमेकांना धरलं. सोमवारी हसलेल्या आडत्याच्या गालातून हूक आरपार गेलेला अप्पांनी पाहिला. एकाच्या हाताची बोटं काट्याखाली चेचली गेली. फुटलेल्या कट्ट्यांतून तुरीचे ढीग सांडले, त्यावर पाय घसरून माणसं पडत आणि पडलेली उठत नसत.

साडेनऊ वाजले. यंत्रानं हिशेब केला.

अप्पांना ते आधी कळलं ते आवाज थांबल्यामुळं. काठ्यांची चरचर बंद झाली. त्यांनी वर पाहिलं. फाटकाजवळच्या मोठ्या पाटीवर नवे आकडे होते. सरासरी अठ्ठ्याऐंशी, विचलन बारा. मोंढाभर साऱ्या मनगटांवर हिरवे दिवे लागले होते. रक्तानं भरलेल्या हातांवर हिरवे, गळा दाबणाऱ्या हातांवर हिरवे. इलाहीचा ताव एकशे चार, झेड एक पूर्णांक तीन. आयुष्यात पहिल्यांदा इलाही सर्वसाधारण माणूस झाला होता. फाटकाचा दांडा आपोआप वर गेला. आत या.

पडलेले सोडले तर सबंध मोंढ्यात एकच पट्टा लाल होता.

सोपान वाघमोडे अप्पांच्या खोलीसमोर, कट्ट्यांच्या थप्पीला टेकून बसलेला होता. हूक त्यानं शेजारच्या कट्ट्यात रोवून ठेवला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. मनगटावर ताव सेहेचाळीस. अप्पांनी सवयीनं हिशेब केला. उणे बेचाळीस भागिले बारा. उणे साडेतीन.

रक्तबंबाळ झालेले दोन पहारेकरी पाठीला पाठ लावून काठ्या फिरवत होते. काठ्या मेलेल्या. एकाची काठी फिरता फिरता सोपानच्या दिशेला वळली आणि चरचरली. त्यानं तिकडं पाहिलं. बुडत्याला फळी दिसावी तसा त्याचा चेहरा झाला.

“लाल! ए, लाल तिथंय!”

दोघे सोपानवर तुटून पडले. पहिला झटका छातीत बसला. सोपानचं डोकं थप्पीवर आपटलं, तोंडातून फेस आला. अप्पा मध्ये धावले.

“अरे, त्यानं काय केलंय? बसलाय तो!”

“आम्हाला लाल धरायचा हुकूम हाय!” पहारेकरी जवळजवळ रडत म्हणाला. “दुसऱ्या कुणावर चालंनाच की ही!” आणि त्यानं दुसरा झटका दिला.

तिसऱ्या झटक्याला सोपानचं काळीज थांबलं असतं. अप्पांना दोन म्हाताऱ्या हातांनी दोन काठ्या अडवता येणार नव्हत्या. पण हिशेब येत होता. हिरवं व्हायला चौसष्ट लागतात. अजून अठरा हवेत. पावणेदहापर्यंत यंत्र पुन्हा सरासरी काढणार नाही, पण पट्ट्यावरचा आकडा क्षणाक्षणाला बदलतो.

ते सोपानच्या अंगावर आडवे झाले आणि त्याच्या कानशिलात मारली.

“चीड रे! सोपान, चीड!”

“काय झालं अप्पा?” तो पुटपुटला. पट्ट्यावर एकोणपन्नास.

त्यांनी आणखी दोन मारल्या. त्याचा ओठ फुटला. आईवरून शिवी दिली, आयुष्यात कुणाला दिली नव्हती अशी.

“मारा,” सोपान म्हणाला. “तुमचा हात हाय. मोठे हाव तुमी.” सत्तेचाळीस.

पहारेकऱ्यानं अप्पांना पायानं ढकललं. काठीचं टोक पुन्हा सोपानच्या बरगड्यांकडं आलं. तेव्हा अप्पांनी दोन वर्षं कुठल्याही काट्यावर न ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

“मल्हारी माझ्याकडं पळत आला होता,” ते म्हणाले.

सोपाननं डोळे उघडले.

“हूक लागायच्या आधी. ह्याच दारात. ‘अप्पा, दार उघडा’ म्हणाला. तीनदा म्हणाला. मी आत होतो. कडीवर माझा हात होता, सोपान. मी काढली नाही.”

बावन्न.

“भ्यालो मी. तो दार वाजवायलता आणि मी कडी दाबून धरली. बाहेर त्याचा आवाज बसेपर्यंत दाबून धरली. मग तुला येऊन सांगितलं की मी चहाला गेलतो.”

सोपानचा जबडा हलू लागला. सत्तावन्न. एकसष्ट. त्याच्या घशातून माणसाचा वाटणार नाही असा एक आवाज निघाला. पट्टा क्षणभर काळा झाला आणि हिरवा उगवला. सहासष्ट.

पहारेकऱ्यानं काठी खुपसली. काही झालं नाही. त्यानं काठीकडं पाहिलं, सोपानकडं पाहिलं, ती टाकली आणि फाटकाकडं पळत सुटला. दुसरा त्याच्या मागोमाग.

सोपान उभा राहिला. त्यानं शेजारच्या कट्ट्यातला हूक उपसला, तशी कट्ट्यातून तूर भळभळू लागली. एका हातानं अप्पांची मान थप्पीवर दाबून त्यानं हुकाचं टोक त्यांच्या हनुवटीखाली टेकवलं. आजूबाजूला माणसं माणसांना मारत होती, इलाहीचा आवाज घोगरा झाला होता, कुणाचंच इकडं लक्ष नव्हतं. टोक कातडीत शिरलं. अप्पांच्या सदऱ्यात ऊन ओघळ उतरला. त्यांनी हात वर केले नाहीत. सोपानच्या मनगटावर आकडा चढत होता. बहात्तर. ऐंशी. सत्त्याऐंशी.

सोपाननं हूक तिथंच धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडं मोकळा हात नव्हता.

“दोन वरसं मला हे नव्हतं, अप्पा,” तो दातांतून म्हणाला. “तुमी दिलंत. आता मी हे घेऊन कुठं जाऊ?”